मोडलेला टॅप आणि पंधरा मिनिटं

(दाभोळ येथे भरलेल्या मेळाव्यात, शिकाऊ मुलं आणि पाहुणे यांच्यासमोर एका निवृत्त फिटर बंधूंनी केलेलं भाषण. शक्य तितकं बोललं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या बाकांवर हसत बसलेल्या माझ्या पोरांनो,

मला भाषणाची सवय नाही. हातात कानस असली की मी बरा असतो. तरी सांगण्यात आलं की काका, तुम्ही विमानाचं काम केलंय, त्यातलं काहीतरी सांगा. म्हणून आधीच खुलासा करतो. मी विमान चालवलेलं नाही. आख्खं विमान बांधलेलंही नाही. विमानात लागणारे धातूचे लहान लहान भाग मी मुंबईत सव्वीस वर्षं केले, आणि त्यांतले बहुतेक शेवटी कुठे बसले हे मला कधी कळलं नाही. आज मी एक भाग बरोबर आणलाय, तो मात्र कुठेच बसला नाही. हा बघा. पुढच्या बाकावरून मागे फिरवा. जड नाही, ॲल्युमिनियमचा आहे. मधोमध कापलाय, त्यामुळे आतली भोकं दिसतील. एका भोकाच्या तोंडाशी मोहरीच्या दाण्याएवढा खड्डा आहे. माझं आजचं बोलणं त्या खड्ड्याबद्दल आहे.

काल पाळकबाईंनी विषय विचारला. मी म्हटलं, "मोडलेला टॅप कसा काढावा." त्या म्हणाल्या, "मग प्लंबरला बोलवा ना!" तेव्हा नळाचा टॅप नव्हे हे सांगून पुढे जातो.

बाटलीच्या बुचाला आतून आटे असतात, तसे आटे धातूच्या भोकात पाडायचे तर टॅप लागतो. दिसायला तो बोल्टासारखाच, पण अतिशय कडक पोलादाचा, आणि बाजूंनी उभ्या खाचा असलेला. आधी ड्रिलने भोक पाडायचं, मग टॅप हँडलमध्ये धरून हातानं फिरवत उतरवायचा. पाच मिलिमीटरच्या आट्याला ४.२ मिलिमीटरचं भोक लागतं. भोक लहान झालं तर टॅप अडकतो, मोठं झालं तर आटे पोकळ होतात आणि बोल्ट पकडत नाही. एका मापाचे तीन टॅप असतात, पहिला, दुसरा, तिसरा. तिघांनी मिळून काम करायचं. थोडं पुढे फिरवायचं की अर्धा फेरा मागे, म्हणजे सुटलेला कीस तुटतो. ॲल्युमिनियम असेल तर वर रॉकेलचे दोन थेंब. माझी पोरं आता हे झोपेतही सांगतील.

टॅप इतका कडक असतो की त्याच्यावर कानस चालत नाही. आणि कडक असतो म्हणूनच काचेसारखा मोडतो. जरा तिरका धरला, कीस भरला, हाताने घाई केली, की "टक्क" असा आवाज येतो. ज्यानं हे काम केलंय त्याला हा आवाज पोटात ऐकू येतो. अर्धा टॅप हँडलमध्ये आणि अर्धा भोकात. वरून ड्रिल मारावं तर ड्रिल टॅपवर चालत नाही, ते घसरून बाजूच्या नरम ॲल्युमिनियममध्ये शिरतं. दगड रुतलाय मातीत, आणि तुम्हाला दगड काढायचाय मातीला धक्का न लावता.

आता विमान. आपल्याकडे विमानं बनतात का, असं मला गावात अजून विचारतात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. तिथेच पुढे आपल्या कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान तयार केलं, ते १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं. नाशिकजवळ ओझरला मिग बनू लागली. आणि अलीकडचं सांगायचं तर कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. गच्चीवरून उतरवायला क्रेन लागली होती. तेव्हा कारखाना असो की गच्ची, विमान म्हणजे शेवटी भोकं आणि त्यांत बसणारे रिव्हेट, बोल्ट. भोक चुकलं की सगळं चुकलं.

मी दाभोळ सोडलं तेव्हा पलीकडे धोपाव्याला जायला होडी होती. परत आलो तर माणसं, मोटारी, ट्रक सगळं पोटात घेऊन जाणारी फेरीबोट. मधल्या काळात मी मुंबईच्या उपनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये होतो. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती आणि नाव घेतलं की लोक चूक नावाला चिकटवतात. आमच्याकडे विमानाच्या भागांची कामं यायची. प्रत्येक भागाबरोबर एक कार्ड असायचं. कुठल्या धातूच्या कुठल्या पट्टीतून तो कापला, कोणी ड्रिल केलं, कोणी टॅपिंग केलं, कोणी तपासलं, सगळ्यांच्या सह्या.

१९८३ साल. पावसाळा. रात्रपाळी. मी नवाच होतो. हा जो भाग तुमच्या हातात फिरतोय, त्याला अकरा भोकं. सगळी आंधळी, म्हणजे आरपार नाहीत, खाली तळ आहे. आंधळ्या भोकात कीस खाली साचतो, त्याला जायला वाट नसते. म्हणून दोनतीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून भोक साफ करायचं असतं. दहा भोकं मी तशी केली. अकराव्याला मला चहाची गाडी आल्याचा आवाज आला.

टक्क.

सांगतो, त्यानंतर मी काय केलं. इकडेतिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मग बारीक पंच आणि हातोडी घेतली आणि मोडलेल्या टॅपच्या कडेला टोचून उलटा फिरवायचा प्रयत्न केला. कधी कधी तो निघतोही असा. दोन ठोके, चार ठोके. तुकडा हलला नाही, पण पंच घसरला आणि भोकाच्या तोंडावर हा खड्डा पडला. खड्डा बघून मी जास्त घाबरलो. घाबरलेला माणूस थांबत नाही, तो आणखी ठोकतो. टॅपचा वरचा भाग चुरा झाला. आता पकडायलाही काही उरलं नाही.

आणि मग तो विचार आला. तो सांगायला मी आज इथे उभा आहे, नाहीतर टॅपबद्दल तुम्हाला ऐकवायचं काय कारण? विचार असा, की तुकडा भोकात खोल आहे. वरचे दोनतीन आटे चांगले आहेत. बोल्ट जरा आखूड कापून बसवला तर वरून कळणार नाही. कार्डावर सही केली की संपलं. हा भाग कुठे दूर जाणार, कोण बसवणार, मला काय ठाऊक? नोकरीत मला जेमतेम सात महिने झाले होते. गावी धाकटी दोन भावंडं होती.

मी कार्ड हातात घेतलं होतं. पेनही घेतलं होतं.

मला कोणी देवदूत दिसला नाही हो. साधी गोष्ट घडली. आमचे मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणायचे, चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाकडे आले. माझ्यासाठी आणला होता. मी चहाला गेलो नाही म्हणून. ग्लास ठेवला आणि परत निघाले. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मामा, टॅप मोडला."

ते वळले. भाग उचलून दिव्याखाली धरला. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "कधी मोडला?"

"पंधरा मिनिटं झाली."

"आणि हे ठोकलंस कधी?"

"त्या पंधरा मिनिटांत."

मामांनी भागाला लाल चिठ्ठी बांधली. दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. त्यांनी जे सांगितलं ते मला जन्मभर पुरलं. म्हणाले, टॅप मोडतो, त्याची वाट आहे. कागद लिहायचा, ज्यांचं ड्रॉइंग आहे त्यांना विचारायचं, ते परवानगी देतील तसा तुकडा काढायचा, भोक जरा मोठं करून आत आट्यांची स्प्रिंग बसवायची. असे भाग वाचतात. पण या खड्ड्याला वाट नाही. भाग बाद.

मला ते अन्यायाचं वाटलं. एवढासा खड्डा! मग त्यांनी मला कॉमेट विमानाची गोष्ट सांगितली. इंग्रजांचं ते पहिलं प्रवासी जेट. १९५४ च्या जानेवारीत सिंगापूरहून लंडनला जाणारं एक कॉमेट इटलीजवळ समुद्रात कोसळलं, एप्रिलमध्ये दुसरं. कारण सापडेना. शेवटी एक विमान पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवून, आत दाब भरून सोडून, भरून सोडून, हजारो वेळा करून पाहिलं, तेव्हा विमानाची काया फाटली. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांतही तेच दिसलं, खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या एका भोकापासून चीर निघालेली. धातू थकतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा वाकवली की तुटते. आणि चीर कुठून सुरू होते? जिथे ओरखडा असेल, खाच असेल, खड्डा असेल तिथून. कापडाला कात्री लावून मग हातानं फाडतो, तसं.

तर मुलांनो, भाग टॅप मोडल्यानं गेला नाही. त्या पंधरा मिनिटांनी गेला.

माझी नोकरी राहिली. पगारातून काही कापलं नाही. पण मामांनी तो बाद भाग भंगारात टाकू दिला नाही. म्हणाले, "आता ही तुझी पाटी." आणि दुसऱ्या दिवशी घरून येताना तुरटीचा खडा घेऊन आले.

हो, तुरटीच. न्हावी दाढीनंतर फिरवतो ती. पावसात विहिरीचं पाणी गढूळ झालं की आपल्या आया हंड्यात फिरवायच्या ती. काचेच्या भांड्यात पाणी गरम करून त्यात विरघळेल तितकी तुरटी घातली, भाग त्यात बुडवला, भोक वर तोंड करून. खाली मंद आच. थोड्या वेळानं भोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येऊ लागली. तुरटीचं पाणी आंबट असतं, ते लोखंडाला खातं. ॲल्युमिनियमच्या अंगावर मात्र त्याच्याच गंजाचा एक पातळ, घट्ट पापुद्रा असतो, तो त्याला सांभाळतो. भाग जरा काळवंडतो, पण झिजत नाही म्हणावं इतका. पितळ आणि गनमेटललाही हे चालतं. लोखंडाच्या भागातून टॅप काढायला मात्र ही युक्ती करू नका, टॅपबरोबर भागही जाईल! आणि भांडं लोखंडाचं नको.

पाणी आटलं की वर घालायचं, मधेमधे भोकातला काळा गाळ काढायचा. टॅप चांगल्या पोलादाचा होता, त्याला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी मामांनी भाग उलटा करून टेबलावर आपटला आणि तुकडे बाहेर पडले. या काडेपेटीत ते आहेत. किडलेल्या दातासारखे दिसतात. आटे बघा, शाबूत आहेत. आणि शेजारी माझा खड्डा, तोही शाबूत.

नुसतं नायट्रिक ॲसिड टाकूनही काही जण हे करतात. त्याची वाफ छातीत गेली तर माणूस जातो. ते आपल्याकडे होणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगून ठेवतो. आणि विमानात जाणाऱ्या भागाला तुरटीसुद्धा विचारल्याशिवाय लावायची नाही. मामांनी ती लावली ती भाग बाद झाल्यावर.

पुढे आमच्याकडे ठिणगीचं मशीन आलं. तांब्याची काडी टॅपच्या तुकड्यावर जवळ आणायची, टेकवायची नाही, मध्ये तेल, आणि वीज सोडायची. ठिणगी उडते आणि दर ठिणगीला धातूचा कण उडतो. कडकपणाला ते मशीन विचारतच नाही. त्याचा जन्म कसा झाला हे मला फार आवडतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर या तिघांनी ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडलेले टॅप आणि ड्रिल काढायलाच ते बनवलं. सुरुवातीला सेकंदाला साठ ठिणग्या. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, रशियात लाझारेन्को नावाचं नवराबायको जोडपं विजेच्या बटणांचे संपर्कबिंदू ठिणगीनं झिजतात ते कसं थांबवावं याच्या मागे होतं. त्यांना ते थांबवता आलं नाही. पण तेलात बुडवलं की झीज आपल्या ताब्यात येते, हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी झिजवण्याचंच यंत्र केलं. आज जगभर साचे बनतात ते या ठिणगीवर. म्हणजे एवढा मोठा धंदा उभा राहिला तो निदान अर्धा तरी कोणाच्या तरी मोडलेल्या टॅपवर. त्या माणसांनी टॅप मोडल्याचं कोणाला सांगितलंच नसतं तर?

आता दाभोळ. निवृत्त होऊन आल्यावर मी धक्क्याजवळ लहानसं वर्कशॉप टाकलं. होड्यांची इंजिनं, पंप, विंचा. आपल्या वर्गातली दोन मुलं माझ्याकडे असतात. त्यांतला एक कातकरी वाडीवरचा. नाव घेत नाही, तो आत्ताच खाली बघायला लागलाय. त्याचे आईवडील दिवाळीनंतर घाटावर वीटभट्टीला जातात. तोही लहानपणापासून बरोबर जायचा. तो माझ्याकडे आला त्या पहिल्या महिन्यात त्यानं एक ड्रिल मोडलं आणि तुकडे मागच्या वाळूत पुरले. मला चार दिवसांनी सापडले. मी रागावलो. तो काही बोलला नाही. शेवटी त्याच्या आईनं सांगितलं, "दादा, भट्टीवर काय मोडलं, हरवलं, तर ते उचलीत चढतं. मग पुढच्या वर्षी फेडायला परत जायचं."

मला त्या रात्री झोप लागली नाही. मी सात महिन्यांच्या नोकरीला घाबरलो होतो. हा पोरगा आख्ख्या पुढच्या वर्षाला घाबरत होता. त्याला "खरं बोल" म्हणून सांगणं सोपं आहे, पण खरं बोलल्याचे पैसे कोण भरणार? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, मोडलेल्या हत्याराचे पैसे कापले जाणार नाहीत. आणि हा भाग खिळ्याला टांगला आणि दोघांना पंधरा मिनिटांची गोष्ट सांगितली. टॅप दीडदोनशे रुपयांचा असतो. माझा तो भाग किती हजारांचा होता हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

या जुलैची गोष्ट. मासेमारी बंद होती, १ ऑगस्टला होड्या सुटायच्या, आणि सगळ्या नाखव्यांना सगळी कामं एकदमच आठवली होती. एका होडीचा समुद्राच्या पाण्याचा पंप आला होता. तो चालला नाही तर इंजिन तापतं आणि होडी खाडीच्या तोंडाशीच, वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, लाटांत उभी राहते. पंपाची बॉडी गनमेटलची. झाकणाच्या स्क्रूचे आटे खारानं भरलेले, ते सहाच्या टॅपनं साफ करायचं काम याला दिलं होतं. मी बाहेर नाखव्याशी बोलत होतो.

तो बाहेर आला. नाखव्याच्या देखत टॅप हँडल माझ्यापुढे धरलं. अर्धाच टॅप.

"काका, मोडला."

"मग काय केलंस?"

"काही नाही. हात लावला नाही."

आत जाऊन बघितलं. भोकाच्या तोंडावर एक ओरखडा नव्हता. नाखवा कुरकुरला, त्याचंही बरोबर होतं, त्याचे दिवस मोजलेले होते. मी त्याला म्हटलं, "परवा संध्याकाळी घेऊन जा." मग आम्ही पंपातून शाफ्ट, बेअरिंग, पोलादाचं जे जे होतं ते सगळं काढलं, कारण तुरटी तेही सोडणार नाही. बाजारातून पाव किलो तुरटी आणली. काचेचं भांडं काही माझ्याकडे नव्हतं. घरात ॲल्युमिनियमचा मोठा टोप होता, सणाला काढायचा. मंडळी शेजारी गेली होती.

पोरगा दोन दिवस त्या टोपापाशी बसून होता. पाणी घालायचा, गाळ काढायचा, बुडबुडे मोजायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानंच चिमट्यानं तुकडा बाहेर काढला आणि दिव्यापाशी नेऊन बघितला, मामा बघायचे तसा. संध्याकाळी पंप होडीवर चढला. १ तारखेला होडी गेली, आणि आलीही.

त्याचा तुकडाही या काडेपेटीत आहे, माझ्या तुकड्यांच्या शेजारी. कोणता कोणाचा ते आता मलाही ओळखू येत नाही. टोप मात्र आतून काळा पडलाय, आणि तो घासून परत वापरायचा की नवा आणायचा, यावर आमच्या घरी अजून बोलणं चालू आहे.